कासरा आणि घड्याळ

किल्लारीच्या पंचक्रोशीत कोणत्याही गोष्टीचा मागोवा घ्यावयाचा झाला, तर मोजणीचा दगड 30 सप्टेंबर 1993 या तारखेलाच रोवावा लागतो. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या त्या भूकंपाने दगडमातीची घरे जमीनदोस्त केली, लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली, आणि जुनी गावठाणे सोडून आखीव रस्त्यांच्या नव्या वसाहतींत जे संसार पुन्हा उभे राहिले, त्यांत माणसांची सोय झाली तरी बैलाची जागा पूर्वीसारखी उंबऱ्यालगत राहिली नाही. पुढे नांगरट, पाळी, पेरणी अशी एकेक मशागत ट्रॅक्टरच्या स्वाधीन होत गेली, आणि ज्या दावणीला दोन-दोन जोड्या असत तेथे एखादाच बैल उरला. तोही पुष्कळदा हौसेपोटी, म्हणजे शर्यतीच्या शौकापोटी. शेतात आठ महिने एकाच हाताखाली राबणारा बैल आणि शर्यतीपुरता जुंपला जाणारा बैल यांत जे अंतर पडले, त्यातूनच शौकिनांमधील आजच्या वादाला धार आली आहे. शर्यत कोणाची मानावयाची, वेगाची की हाकणाऱ्याची, असा हा वाद आहे.

महाराष्ट्राच्या निरनिराळ्या मुलखांनी या प्रश्नाचे उत्तर निरनिराळे दिलेले आहे. पुणे जिल्ह्यातील खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या भागांत घाटात जो गाडा पळतो, त्यावर माणूसच नसतो. पुढे घोडी, मागे बैल आणि रिकामा गाडा. ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठते, बारी सुटते, आणि किती सेकंदांत निशाण गाठले एवढाच निवाडा. साताऱ्या-सांगलीकडे गाडीवान छकड्यावर असतो. विदर्भात आणि आपल्या मराठवाड्यात जो शंकरपट भरतो, त्यात जोडी हाकणारा धुरकरी हा जोडीइतकाच महत्त्वाचा. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथे तर स्त्रियाही धुरकरी होऊन पटावर उतरतात, आणि वेग हा केवळ बाहुबळाचा विषय नव्हे याचा तो उघड दाखला आहे. घाटातली रीत कनिष्ठ आहे असे माझे म्हणणे नाही. जनावराचा निखळ वेग पाहावयाचा तर तो तेथेच. परंतु जेथे हाकणारा आहे तेथेही आता घाटाचाच कायदा लागू करण्याकडे, म्हणजे सेकंदाबाहेर काहीच न पाहण्याकडे, कल झुकला आहे, आणि मला चिंता वाटते ती त्याची.

लातूर-नांदेडच्या बाबतीत ही चिंता अधिक खरी आहे, कारण येथली बैलाची कुळी जात्याच निराळी आहे. देवणी आणि लाल कंधारी हे दोन्ही गोवंश कामाचे, दमाचे आणि समजुतीचे. तोंडाच्या बाजूंना काळेपण असलेला पांढरा वानेरा, पोटाखाली काळे ठिपके असलेला बालंक्या, अंगभर अनियमित काळे ठिपके वागवणारा शेवरा, असे देवणीचे तीन प्रकार जाणते लोक दुरून ओळखतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ही जनावरे पाहताना त्यांच्या खांद्याची आणि पायांची पारख होते, तशीच स्वभावाचीही होते. उलट सोलापूर-सांगली-सातारा पट्ट्यातील खिल्लार हा काटक, तापट आणि पळण्यास तत्पर. घड्याळ हाच एक न्यायाधीश नेमला, की आपला शौकीन खिल्लाराकडे वळणार हे उघड आहे, आणि देवणीच्या अंगी जो गुण आहे, हाताची सूचना ओळखून पाऊल टाकण्याचा, त्याला पटावर किंमत उरणार नाही.

हाच वाद जगाच्या दुसऱ्या टोकाला, अतिशय निराळ्या वाहनांविषयी, याच तीस वर्षांत झडला आहे. 1993 सालच्या फॉर्म्युला वन मोटारींत स्वतःची उंची स्वतः सावरणारे सस्पेन्शन आणि चाकाची घसरण आपोआप रोखणारी यंत्रणा इतकी बोकाळली होती, की 1994 पासून नियमकर्त्यांनी त्या साहाय्यांना मनाई केली. रस्त्यावर आणि ट्रॅकवर दोन्हीकडे चालणाऱ्या स्पोर्ट्‌स कारमध्ये मात्र वारे उलटे वाहिले. 2013 साली पोर्शे कंपनीने आपल्या 911 जीटी3 या मोटारीतून हाताने बदलावयाचा गिअर आणि क्लचचे पेडल काढून टाकले, आणि दोन क्लचची स्वयंचलित गिअरपेटी तेवढी ठेवली. ती निःसंशय अधिक वेगवान होती. पण ज्या रसिकांनी ही मोटार डोक्यावर घेतली होती त्यांतील पुष्कळांना आपल्या हातून काहीतरी काढून घेतले गेले असे वाटले, आणि त्यांनी ते मोठ्याने बोलून दाखविले. त्याचा परिणाम झाला. 2016 साली हाताच्या गिअरची 911 आर अवघ्या 991 नगांत निघाली, आणि 2017 पासून जीटी3 मध्येही तो गिअर पुन्हा मागून घेता येऊ लागला. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे शून्यापासून शंभर किलोमीटरचा वेग गाठण्यास स्वयंचलित मोटारीला 3.4 सेकंद आणि हाताच्या मोटारीला 3.9 सेकंद लागतात. तो अर्धा सेकंद जाणूनबुजून सोडून देणारी गिऱ्हाइके निघाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे 2021 साली याच घराण्याच्या नव्या मोटारीने जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगचा सुमारे 20.8 किलोमीटरचा फेरा सात मिनिटांच्या आत पुरा केला, तो स्वयंचलित गिअरने. विक्रमाच्या वहीत तेव्हा तीच नोंद झाली, आणि ती योग्यच होती. वळणाआधी पायाने आणि मनगटाने जे साधले त्याचा आनंद त्या वहीत नोंदता येत नाही, एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही.

आपल्याकडे याच सुमारास शर्यतच बंद पडली. केंद्र सरकारने 2011 साली बैलाचा समावेश खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत केला होता, आणि 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. 2017 साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. उच्च न्यायालयाने तिचा अंमल रोखला. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. या सात-आठ वर्षांत पुष्कळांनी न्यायालयाला दूषणे दिली. मी ती देणार नाही. शेपटी पिरगाळणे, आर टोचणे, विजेचा झटका देणे, हे प्रकार शर्यतीत शिरले होते, आणि ते वेगाच्या हव्यासातून शिरले होते हे कबूल केलेच पाहिजे. ज्याला जोडी हाकता येत नाही, त्यालाच पराणीची गरज भासते.

आता जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून पट भरत नाही, एक हजार मीटरपेक्षा अधिक अंतर पळविता येत नाही, काठी-चाबूक-विजेचे साधन बाळगणे हा गुन्हा आहे. शौकीन या अटींकडे जाच म्हणून पाहतात. माझ्या मते याच अटींनी धुरकऱ्याला त्याचे स्थान परत मिळवून दिले आहे. हातातली काठी गेल्यावर त्याच्यापाशी उरते ते कासरा, आवाज आणि अंगाचा तोल. चांगला धुरकरी पटावर जोडी उभी करतो तेव्हा पाहावे: डावीकडचा बैल जू झुगारू पाहत असतो, उजवीकडचा थंड असतो, धुरकरी डाव्याचा कासरा खेचून धरीत नाही, दोन बोटांत किंचित सैल सोडतो, उजव्याच्या पाठीवर तळहात टेकवून ओठांनी बारीक आवाज करतो, आणि दोघांचे कान एकाच वेळी पुढे वळले की झेंडीकडे पाहतो. सुटल्यावर तो छकडीवर पुढे वाकून बसतो, आपले वजन जुवावर येऊ देत नाही, आणि एक बैल अर्धे पाऊल मागे पडला तर पुढच्याला नखभर आवरून जोडी जुळवून घेतो. त्या आवरण्यात सेकंदाचा काही अंश खर्ची पडतो, हे खरे. पण जोडी जोडी म्हणून पळते ती त्यामुळेच, आणि ती शेवटच्या खुणेपलीकडे थांबते तेव्हा फेसाळलेली, बावरलेली नसते.

गेल्या दोन-तीन वर्षांत बक्षिसे ट्रॅक्टरपासून थार मोटारीपर्यंत गेली, एका गावचा बैल आणि दुसऱ्या गावचा बैल शर्यतीपुरते जुंपले जाऊ लागले, सेकंद मोजावयास विजेवरची यंत्रे आली. यांतले काहीच त्याज्य नाही. मात्र ज्या जनावराशी चार दिवसांची ओळख त्याला हाकणे आणि ज्याला वासरू असल्यापासून चारा घातला त्याला हाकणे, यांत भेद आहे, आणि निकालपत्रकावर तो भेद उमटण्याची काही तजवीज आपण केली पाहिजे.

म्हणून औसा, निलंगा, देवणी, उदगीर, कंधार आणि लोहा या तालुक्यांत जे जे पट भरवितात, त्या समित्यांना माझी विनंती आहे. जोडीच्या आणि मालकाच्या नावाबरोबर धुरकऱ्याचे नाव नोंदवहीत आणि फलकावर लिहा. देवणी आणि लाल कंधारीच्या जोड्यांसाठी स्वतंत्र गट ठेवा. सेकंदाच्या बक्षिसाखेरीज उत्तम हाकणीसाठी एक वेगळे बक्षीस ठेवा, आणि त्याचा निवाडा घड्याळावर न सोपविता, ज्यांची हयात औतामागे गेली अशा तीन वृद्ध शेतकऱ्यांवर सोपवा.