आचारीच उपाशी

‘गाईला कडबा पोटभर घालतो, तरी उन्हाळ्यात ती वाळतेच. कोणती प्रोटीन पावडर द्यावी?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. पावडरीचं नंतर बघू.

कडबा गाय पचवत नाही, तिच्या कोठीपोटातले जिवाणू पचवतात. त्यांना वाढायला नायट्रोजन लागतो, तो येतो प्रथिनांतून आणि वाळल्या कडब्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. वैरणीत ती साधारण सात टक्क्यांच्या खाली गेली, की जिवाणू मंदावतात. कोठार भरलेलं, पण आचारीच उपाशी! न पचलेला कडबा पोटात तुंबतो आणि गाय दावणीतून तोंड फिरवते. थोडी सरकी पेंड मिळाली, की तीच गाय कडबाही जास्त खाऊ लागते. पेंडीने वैरणीची भूक वाढावी, याची मला अजून गंमत वाटते.

बरं, या जिवाणूंना प्रथिनंच हवीत असंही नाही. फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांना १९४५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात हिरवा चारा आम्ल घालून टिकवण्याच्या त्यांच्या पद्धतीचा मोठा वाटा. (हो, मुरघासावर नोबेल!) साठच्या दशकात त्यांनी काही गाईंच्या खाद्यातून प्रथिनंच काढून टाकली. उरलं काय? स्टार्च, साखर, सेल्युलोज आणि नायट्रोजनसाठी युरिया व अमोनियम क्षार. तरी काही गाईंनी वर्षाला ४,००० किलोंहून जास्त दूध दिलं. जिवाणू युरियातल्या अमोनियातून स्वतःचं शरीर घडवतात आणि पुढे आतड्यात तेच पचून गाईची प्रथिनं होतात.

पण म्हणून युरियाचं पोतं थेट दावणीत उघडू नका. जिवाणूंच्या आवाक्याबाहेरचा अमोनिया रक्तात उतरतो, यकृताला तो झेपला नाही तर जनावर काही तासांत दगावतं. रुळलेली रीत म्हणजे १०० किलो भाताच्या पेंढ्यावर ४ किलो युरियाचं पाणी शिंपडून तो तीन आठवडे हवाबंद ठेवायचा.

आता पावडर. दुभत्या गाईने खाल्लेल्या नायट्रोजनपैकी साधारण पाव हिस्साच दुधात उतरतो. गरजेपेक्षा जास्त दिलेला मुख्यतः मूत्रावाटे जातो. गोठ्यात डोळ्यांना झोंबणारा अमोनिया म्हणजे तुमचाच पैसा. शिवाय पिशवीवरचा ‘क्रूड प्रोटीन’चा आकडा जपून वाचा. तो बहुधा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणून काढलेला असतो. ही मोजणी १८८३ मध्ये योहान केल्डाल यांनी शोधली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. या हिशेबाने शुद्ध युरियात २८० टक्क्यांहून जास्त ‘प्रोटीन’ निघतं! तेव्हा दुकानदाराला विचारा: यात पेंड किती, युरिया किती?