हरणाऱ्या संघाची साथ

यशाशी नातं सांगायला सगळेच पुढे येतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकी विद्यापीठांत तेच टिपलं: फुटबॉल संघ जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचं नाव मिरवणारे कपडे घालणारे विद्यार्थी वाढत. मग १९७९ ते १९८२ दरम्यान सलग ३४ सामने हरलेल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे चाहते टिकले कसे? वॅन आणि ब्रॅन्सकोम्ब यांच्या १९९०च्या संशोधनानुसार, ज्यांची स्वतःची ओळखच संघात गुंतलेली असते, ते पराभवानंतरही फारसे दुरावत नाहीत.

हा निव्वळ हट्ट, आधीच घातलेली वर्षं वाया जाऊ नयेत हा मोह, असा आक्षेप घेतला जातो. पण मोहात माणूस उद्याच्या परताव्याकडे डोळे लावून बसतो. इथे मैत्री आणि आपलेपणा प्रत्येक सामन्यात मिळतच असतो. म्हणून ही निष्ठा शहाणपणाचीच आहे.