हिरड्यांचा आजार आणि वनस्पती-औषधे : परंपरा म्हणून नको, तपासून घ्या

वस्तीत आरोग्य शिबिर घेतले की रक्तदाब आणि साखर तपासायला रांग लागते. हिरड्या दाखवायला मात्र फार कमी लोक येतात. ब्रश करताना रक्त येणे, तोंडाला वास येणे, दात हलणे हे ‘वयाचे’ म्हणून सोडून दिले जाते. हा आजार म्हणजेच पायोरिया.

आजार कसा वाढतो?

दातांवर जंतूंचा चिकट थर साचतो आणि हिरड्या सुजतात. या टप्प्यावर आजार पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष केल्यास थराचे कडक किटण बनते, हिरडी दातापासून सुटते आणि दाताला धरणारे हाड झिजते. ते हाड आपोआप भरून येत नाही. मधुमेहात हा आजार बळावतो आणि या आजारामुळे साखर आटोक्यात ठेवणेही अवघड जाते.

वनस्पतींतील घटक काय करतात?

दंतवैद्य क्लोरहेक्सिडीनची गुळणी देतात. ती प्रभावी आहे, पण जास्त दिवस वापरल्यास दातांवर डाग पडतात, चव बदलते. म्हणून पर्यायांचा शोध सुरू आहे. हळदीतील करक्युमिन सूज कमी करते. ग्रीन टीमधील कॅटेचिन हे घटक हिरड्यांच्या आजारातील जंतूंची वाढ रोखतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. कडुलिंबाच्या अर्काच्या गुळण्या आणि जेल यांच्याही चाचण्या झाल्या आहेत.

पण यातील बऱ्याच चाचण्या थोड्या रुग्णांवर आणि थोड्या काळासाठी झालेल्या आहेत. करक्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे हिरडीच्या फटीत ते टिकवण्यासाठी जेलसारखे उपाय करावे लागतात. मुख्य म्हणजे हे घटक किटण काढू शकत नाहीत. ते दंतवैद्याकडूनच काढावे लागते. वनस्पती-औषध फार तर त्याला जोड देईल.

बुद्धांची शिकवण काय सांगते?

विनयपिटकातील चुल्लवग्गात बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुमती दिली आहे. महावग्गातील औषधांच्या यादीत हळद आणि कडुलिंबाचा काढा आहे. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्याच बुद्धांनी कालामांना सांगितले की, केवळ परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका. ही कसोटी हळदीलाही लागू आहे. चीनच्या तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातील वनस्पतीतून मलेरियावरचे आर्टेमिसिनिन शोधले, पण प्रयोगाने सिद्ध केल्यावरच ते औषध ठरले. त्यासाठी त्यांना 2015 चे नोबेल मिळाले.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

आपल्या अनेक माता-भगिनी आजही मिश्रीने दात घासतात. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. तंबाखूही वनस्पतीच आहे, आणि तीच हिरड्यांचे नुकसान व तोंडाचा कर्करोग करते. दात दुखतो म्हणून मिश्री लावणे म्हणजे आजाराला खतपाणी घालणे.

युवकांनी काय करावे?

विहारातील पुढच्या शिबिरात दंत तपासणी ठेवा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे रुग्णांना घेऊन जा. दिवसातून दोनदा ब्रश करण्याची सवय मुलांना लावा. आणि आपल्या घरातील मिश्रीचा डबा आधी बंद करा. पंचशीलातील पाचवे शील नशेपासून दूर राहायला सांगते. त्याची आठवण मिश्रीच्या डब्याजवळही राहू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!