घरचा मका, घरचे बी

मका कोणाला ठाऊक नाही? श्रावणाची झड लागली, की चुलीच्या निखाऱ्यावर कणीस भाजले जाते. त्यावर मीठ-मिरची चोळली, की लहानथोर सारे भोवती जमतात. मक्याची भाकर होते. मक्याच्या कण्या होतात. हिरवी ताटे गाईम्हशींना चारा होतात.

मका हे आपले मुळातले पीक नव्हे. त्याचे माहेर दूर, अमेरिका खंडातील मेक्सिको देशात. तेथल्या लोकांनी सुमारे ९,००० वर्षांपूर्वी एका रानगवतापासून मका तयार केला. त्यांनी काय केले? दरसाल चांगली झाडे पाहिली, त्यांचेच बी राखले आणि तेच पुन्हा पेरले. तेच काम आपल्यालाही घरी करता येते. ते कसे करायचे, ते या पाठात पाहू.

असे का झाले?

समजा, पिंप्राळ्यातील एका घरी असे घडले. सासूबाईंनी दुकानातून मक्याच्या बियाण्याची पिशवी आणली. परसात बी लावले. पीक झकास आले. सारी ताटे एका उंचीची, सारी कणसे एकसारखी भरलेली. सासूबाईंनी त्यातली मोठमोठी कणसे निवडली आणि बियाण्यासाठी आढ्याला टांगली.

पुढच्या मृगात तेच दाणे लावले. पण आता एक ताट उंच, तर दुसरे बुटके. एकाचे कणीस मोठे, तर दुसऱ्याचे बोटभर. पीक निम्म्यावर आले.

सून म्हणाली, "आत्याबाई, बी तर आपण चांगले निवडले होते. मग असे का झाले?"

सासूबाई म्हणाल्या, "जमीनच बिघडली, दुसरे काय!"

जमीन बिघडली नव्हती. पिशवीवर काय लिहिले आहे, ते कोणी वाचले नव्हते. पिशवीवर लिहिले होते, 'संकरित'.

संकरित आणि सरळ

मक्याचे बी दोन तऱ्हेचे असते.

एक संकरित. दोन वेगळ्या जातींचे मुद्दाम मीलन करून हे बी तयार करतात. भारतात असे संकरित मके १९६१ साली प्रथम शेतकऱ्यांना मिळाले. संकरित मका पहिल्या साली जोमदार येतो. उत्पन्न जास्त देतो. म्हणून बाजारात विकायला मका करणारे शेतकरी तोच लावतात. त्यात चूक काही नाही. पण त्याचे दाणे पुन्हा पेरले, तर दोन्ही जातींचे गुण फुटून वेगळे होतात. पीक एकसारखे येत नाही. म्हणून हे बी दरसाल नवे घ्यावे लागते.

दुसरे सरळ वाणाचे बी. गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला जुना मका हा सरळ वाण. कृषी विद्यापीठांनी काढलेले संमिश्र वाणही असेच राखता येतात. 'मांजरी' हा असा एक वाण. त्यांचे बी घरी राखता येते.

म्हणून आधी पिशवी वाचा. आता तुम्हाला वाचता येते. 'संकरित' असेल, तर दाणे खुशाल खा, पण बियाण्यासाठी ठेवू नका. आणखी एक. दुकानातल्या बियाण्याला गुलाबी किंवा निळा रंग असेल, तर त्याला औषध चोळलेले असते. ते विष आहे. ते खाऊ नका, जनावरांना घालू नका.

मक्याचे लग्न वारा लावतो

मक्याचे ताट नीट पाहा. शेंड्याला तुरा असतो. तो नर. कमरेच्या उंचीवर कणीस असते. ती मादी. कणसाच्या टोकातून रेशमासारखे केस बाहेर येतात.

तुऱ्यातून पिवळी पूड झडते. तिला पराग म्हणतात. वारा ती पूड उडवतो आणि ती केसांवर पडते. एका केसावर पूड पडली, की आत एक दाणा धरतो. जितके केस, तितके दाणे. ज्या केसाला पूड मिळाली नाही, तेथे दाणा भरत नाही. मग कणीस दात पडल्यासारखे दिसते.

यातून तीन गोष्टी कळतात.

पहिली. मका एका लांब ओळीत लावू नये. वारा पूड दुसरीकडेच नेतो. चार-पाच ओळींचा चौकोनी तुकडा करावा.

दुसरी. शेजारच्या शेतात संकरित मका असेल, तर त्याची पूड तुमच्या कणसावर येते. तुमचे बी मिसळते. पांढऱ्या मक्याच्या कणसात मध्येच पिवळे दाणे दिसले, की समजा, वारा पाहुणा घेऊन आला. प्रमाणित बियाण्यासाठी सरळ वाणाचा मका दुसऱ्या मक्यापासून २०० मीटर दूर ठेवतात. घरी इतके अंतर कसे मिळणार? मग वेळ वेगळी करा. शेजाऱ्याच्या पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी लावा. त्याचा तुरा झडून गेल्यावर तुमच्या मक्याला केस येतील.

तिसरी. एकाच कणसाचे बी दरसाल पेरू नये. मक्यात जवळच्या नात्यात लग्ने लागली, की ताटे खुजी होतात आणि कणसे लहान येतात. म्हणून पुष्कळ झाडांचे दाणे एकत्र करून बी ठेवावे. निदान १०० ताटे उभी असावीत. त्यातल्या २५-३० तरी चांगल्या ताटांचे बी घ्यावे.

लावणी

१०० ताटांना किती जागा लागते? १५ फूट लांब आणि १० फूट रुंद एवढी पुरते. दोन-दोन फुटांवर पाच ओळी करा. ओळीत एका वितेवर एक ताट ठेवा.

आधी चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळा. मृगाचा पाऊस झाला, जमिनीत ओल उतरली, की लावणी करा. एका जागी दोन दाणे, दोन-तीन बोटे खोल टोका. ५० ग्रॅम बी पुरे होते. आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. तोवर ही लावणी उरकलेली बरी. मात्र शेजारचा मका टाळायचा असेल, तर थोडा उशीर चालेल.

रोपे वर आली, की एका जागी एकच जोमदार रोप ठेवा. निंदणी करा. रोप गुडघ्याएवढे झाले, की बुडाला मातीची भर द्या. मग वाऱ्याने ताट पडत नाही. मक्याला पाणी हवे, पण बुडाशी पाणी साचलेले त्याला सोसत नाही. तुरा आणि केस येतात, तेव्हा पाण्याचा ताण पडू देऊ नका. त्या दिवसांत ताण पडला, तर दाणे भरत नाहीत.

एक शत्रू ध्यानात ठेवा. लष्करी अळी २०१८ साली भारतात आली. ती मक्याच्या पोंग्यात शिरून कोवळी पाने खाते. रोज सकाळी पोंगे पाहा. पानावर अंड्यांचा पुंजका दिसला, तर तो चिरडून टाका. अळी वेचून मारा. परसातल्या शंभर ताटांना एवढे करणे जड नाही.

बी उभ्या पिकात निवडा

पुष्कळ लोक कणसे घरी आल्यावर बी निवडतात. इथेच चूक होते. कणीस मोठे दिसते, पण ते कशाने मोठे झाले? काठावरच्या ताटाला ऊन जास्त मिळते, उकिरड्याजवळच्या ताटाला खत जास्त मिळते. तेथले कणीस मोठे होणारच. तो गुण बियाचा नव्हे, जागेचा.

म्हणून बी उभ्या पिकात निवडा. तुरा झडण्याआधी रोगट आणि मरतुकडी ताटे काढून टाका. त्यांची पूड वाऱ्यावर जाऊ नये. मग मधल्या ओळींत फिरा. ताट सरळ उभे आहे का? खोड जाड आहे का? पाने निरोगी आहेत का? कणसाचे टोक पानांनी पुरते झाकलेले आहे का? टोक उघडे राहिले, तर आत पाणी आणि किडे जातात. अशा पारखून घेतलेल्या ताटांना लाल चिंधी बांधा.

आणि घरातल्या पोरांना सांगून ठेवा, चिंधीचे कणीस भाजायला तोडायचे नाही. पाहुणा आला तरी नाही!

वाळवण आणि साठवण

बियाण्याचे कणीस ताटावरच पिकू द्या. वरची पाने वाळून पांढुरकी झाली, की एक दाणा काढून त्याचे बूड पाहा. तेथे काळा ठिपका दिसला, तर दाणा पक्का झाला. मग कणसे तोडा, सोला आणि उन्हात पसरा. रात्री दव पडते, म्हणून संध्याकाळी आत घ्या.

दाणे हाताने काढा. टोकाचे आणि बुडाचे दाणे लहान-वाकडे असतात. ते खायला घ्या. मधले दाणे बियाण्याला ठेवा. साऱ्या निवडक कणसांचे दाणे एकत्र मिसळा.

बी पुरते वाळले का? एका कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि थोडे कोरडे मीठ घाला. झाकण लावून हलवा. पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटले, तर दाण्यात ओल आहे. पुन्हा ऊन द्या. मीठ मोकळे राहिले, तर बी ठेवायला हरकत नाही.

ओल आणि ऊब हे बियाचे वैरी. म्हणून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात बी भरा. चाळलेली कोरडी राख त्यात मिसळा. चुलीपासून आणि पत्र्याच्या उन्हापासून डबा दूर ठेवा.

पेरणीआधी उगवण पाहा. १०० दाणे मोजा. ओल्या गोणपाटात गुंडाळा. गोणपाट ओले ठेवा. आठवड्याने उघडून कोंब मोजा. ९० दाणे उगवले, तर बी उत्तम. ७० उगवले, तर दाट टोका. निम्मेच उगवले, तर ते बी लावू नका, दुसरे शोधा.

चार घरांचे एक बी

परसात १०० ताटांची जागा नाही, मग? चार घरांनी एकच वाण लावावा. चौघांनी आपापल्या चांगल्या ताटांचे दाणे एकत्र करावे आणि वाटून घ्यावे. एकाचे पीक बुडाले, तरी बी बुडत नाही.

आपल्या खानदेशातच याचे उदाहरण आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात धडगाव भाग आहे. तेथल्या भिल्ल आणि पावरा शेतकऱ्यांनी मक्याचे आणि ज्वारीचे जुने वाण पिढ्यान्‌पिढ्या राखले. पुढे बायफ या संस्थेने त्यांच्याबरोबर बियाणे बँका उभ्या केल्या. या बँकेत पैसे ठेवत नाहीत, बी ठेवतात. ज्याला हवे त्याने न्यावे, पीक आल्यावर परत भरावे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००१ साली शेतकरी हक्काचा कायदा झाला. आपल्या शेतातले बी राखणे, पेरणे, देवाणघेवाण करणे आणि विकणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, असे तो कायदा सांगतो. फक्त संरक्षित वाणाचे बी छाप मारून विकता येत नाही.

आता शेवटचे काम. डब्यावर चिठ्ठी लावा. एक चिठ्ठी डब्याच्या आतही टाका. बाहेरची फाटली, तर आतली कामी येते. चिठ्ठी अशी लिहा :

मका, पांढरा, सरळ वाण
गाव : पिंप्राळा
काढणीचा महिना आणि साल :
किती ताटांचे बी :
१०० पैकी किती उगवले :

त्या सासूबाईंच्या घरी पिशवीवरचा एक शब्द वाचला गेला नाही, म्हणून एक हंगाम वाया गेला. तुमच्या घरी तसे होऊ नये. ही चिठ्ठी दुसऱ्याकडून लिहवून घेऊ नका. आपल्या हाताने लिहा.