तळावरचे जनित्र

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर यवतच्या पुढचे स्टेशन खुटबाव आणि त्याच्या पुढचे केडगाव. एरवी या भागात रात्री ऐकू येतात ते आगगाडीच्या शिट्ट्यांचे आणि हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांचे आवाज. पण ज्येष्ठ महिन्यातील एक रात्र वेगळी असते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी पुणे, लोणी काळभोर असे मुक्काम करीत यवतला येते. पालखी काळभैरवनाथाच्या मंदिरात विसावते, गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात, आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानात दिंड्यांच्या राहुट्या उभ्या राहतात. खुटबावहून तुमच्यापैकी अनेकजण ही गर्दी पाहायला जात असतील. पुढच्या वेळी जाल तेव्हा एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्या. प्रत्येक दिंडीच्या मालमोटारीपाशी काय धडधडते आहे ते पाहा.

ते असते विद्युत जनित्र, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातला जनरेटर. रानात विजेचा खांब नसतो. कीर्तनाला ध्वनिक्षेपक हवा, स्वयंपाकाला उजेड हवा, आणि हल्ली शंभर-दीडशे मोबाइल दूरध्वनी भारित करावयाचे असतात. म्हणून जनित्र आले. पण त्याच रानात दिवसभर चालून थकलेली माणसे झोपलेली असतात. त्यांना पहाटे चारच्या आत उठून पुन्हा वाट धरायची असते. राहुटीचे कापड वारा अडवते, आवाज मुळीच अडवीत नाही.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, मोटारीतच घर थाटून रानोमाळ मुक्काम करणाऱ्यांना हाच प्रश्न पडतो. आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. परंतु मालमोटारीत संसार घालून रोज नव्या गावी तळ टाकण्याची रीत आपल्या दिंड्यांनी आणि तमाशाच्या फडांनी कधीच पक्की केलेली आहे. तेव्हा आपण दिंडीचेच उदाहरण घेऊ. समजा, एका दिंडीला जनित्र घ्यावयाचे आहे. पैसे वारकऱ्यांनी दिलेल्या भिशीतून जाणार, म्हणजे उधळपट्टी चालणार नाही. कोणते घ्यावे?

आधी हे पाहू, की जनित्र आवाज का करते. १८३१ साली मायकेल फॅरडेने दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलता ठेवला तर तारेत विद्युत प्रवाह निर्माण होतो. या क्रियेत आवाज नाही. आवाज आहे तो चुंबक फिरविणाऱ्या एंजिनाचा. आपल्याकडील विजेची आवर्तने सेकंदाला ५० असतात. दोन ध्रुवांच्या साध्या जनित्रात चुंबकाच्या एका फेऱ्यात एक आवर्तन होते. म्हणून ५० आवर्तनांसाठी सेकंदाला ५० फेरे, म्हणजे मिनिटाला ३,००० फेरे घ्यावेच लागतात. चार धावांच्या एंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा इंधनाचा भडका उडतो. म्हणजे सेकंदाला २५ स्फोट! हे स्फोट धुराच्या नळीतून बाहेर पडतात ती धडधड. तिच्यात थंड करणाऱ्या पंख्याची घरघर आणि पत्र्याच्या सांगाड्याची खडखड मिसळते.

आता यातली गंमत लक्षात आली का? दिंडीने एकच दिवा लावलेला असो की सगळे दिवे, साध्या जनित्राला ३,००० फेरे चुकत नाहीत. वेग कमी केला तर आवर्तने बिघडतात. ही अडचण दूर करणारी युक्ती म्हणजे इन्व्हर्टर पद्धतीचे जनित्र. यात एंजिनाने तयार केलेली वीज प्रथम एकदिश करतात आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडलातून तिची पुन्हा ५० आवर्तनांची प्रत्यावर्ती वीज बनवितात. एंजिनाचा वेग आणि विजेची आवर्तने यांची गाठच सुटली! त्यामुळे भार कमी झाला की एंजिन हळू चालते, आवाज उतरतो, पेट्रोलही वाचते. मात्र ही यंत्रे महाग असतात. शिवाय साधे जनित्र बंद पडले तर वाटेवरच्या कोणत्याही बाजारपेठेतला मिस्त्री ते चालू करून देईल. इन्व्हर्टरचे मंडल जळाले तर त्याच्यापुढे हात टेकावे लागतात. वारी आषाढी एकादशीला पंढरपुरी पोचलीच पाहिजे, ती दुरुस्तीसाठी थांबत नाही. हा मुद्दा विक्रेता सांगत नाही, म्हणून मी सांगितला.

यानंतर डेसिबेलकडे वळू. जनित्रांच्या जाहिरातींत सर्वांत जास्त फसगत होते ती येथेच. डेसिबेल हे लॉगरिदमचे माप आहे. १० डेसिबेल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. सारखी दोन जनित्रे शेजारी शेजारी चालविली तर आवाज ३ डेसिबेलने वाढतो, दुपटीने नव्हे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की डेसिबेल दोन वेगवेगळ्या राशींसाठी वापरतात. दिव्यावर ६० वॅट लिहिलेले असते. तुमच्या पुस्तकावर उजेड किती पडेल हे मात्र दिवा किती दूर आहे यावर ठरते. तसेच यंत्रातून एकूण ध्वनी किती बाहेर पडतो ती त्याची ध्वनिशक्ती, आणि तुमच्या कानापाशी किती पोचतो तो ध्वनिदाब. दोन्ही डेसिबेलमध्येच सांगतात!

आपल्या देशात पेट्रोलवर किंवा रॉकेलवर चालणाऱ्या सुवाह्य जनित्रांसाठी ध्वनिशक्तीची कमाल मर्यादा सप्टेंबर २००३ पासून ८६ डेसिबेल आहे. यावरून कानापाशी किती आवाज येईल, हे मोकळ्या सपाट जागेत सहज काढता येते. एक मीटरवर ८ वजा करा, म्हणजे ७८. पुढे अंतर दुप्पट झाले की दर वेळी ६ वजा करा. २ मीटरवर ७२, ४ मीटरवर ६६, ८ वर ६०, १६ वर ५४, ३२ वर ४८. शासनाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतची मर्यादा ४५ डेसिबेल आहे. आपल्या हिशेबाने ती सुमारे ४५ मीटरांवर गाठली जाते. राहुटीला टेकून ठेवलेले जनित्र आणि ४५ मीटर दूर ठेवलेले जनित्र यांत तीस डेसिबेलहून अधिक फरक, आणि तोही एक पैसा न मोजता!

आता जाहिराती वाचा. एक म्हणते, ‘आमचे जनित्र फक्त ५८ डेसिबेल.’ बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की मोजणी ७ मीटरांवर केली आणि यंत्रावर भार पाव होता. ७ मीटरांवरच्या आकड्यात २५ मिळविले की ध्वनिशक्ती मिळते. ५८ अधिक २५ म्हणजे ८३. कायद्याच्या कमाल मर्यादेहून केवळ तीनने कमी, आणि पूर्ण भारावर तेवढेही राहील की नाही कोण जाणे. दुसरी जाहिरात म्हणते, ‘आमचे ६८ डेसिबेल’, पण मोजणी १ मीटरवर आहे. त्याची ध्वनिशक्ती ७६. आकडा मोठा, तरी यंत्र कितीतरी शांत! तेव्हा विक्रेत्याला दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये: किती अंतरावर मोजले, आणि किती भारावर? अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचा नियमही म्हणून अंतरासकट लिहिलेला आहे: ५० फुटांवर ६० डेसिबेलपेक्षा जास्त नाही.

यंत्र केवढे घ्यावे? येथे कागद-पेन्सिल घ्या. २० वॅटच्या बारा एलईडी नळ्या, २४० वॅट. ध्वनिवर्धक २५०. प्रवेशाशी आणि स्वयंपाकाजवळ ५० वॅटचे दोन झोतदिवे, १००. एका वेळी चाळीस मोबाइल, प्रत्येकी १० वॅट धरून ४००. एकूण ९९० वॅट. शक्तिगुणक ०.८ धरला तर ९९० भागिले ०.८ म्हणजे सुमारे १,२४० व्होल्ट-अँपिअर. दीड किलोव्होल्ट-अँपिअरचे जनित्र पुरते.

पण कोणी म्हणेल, पाण्याची मोटर जोडू. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर चालताना पाच-सहाशे वॅट घेते, मात्र सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्या एका क्षणासाठी दुप्पट मोठे, दुप्पट जड आणि अधिक गोंगाट करणारे यंत्र महिनाभर वाहून न्यावे लागेल. त्यापेक्षा टाकी मालमोटारीच्या हौद्यात उंचावर ठेवली की पाणी आपोआप नळाला येते. गुरुत्वाकर्षण आवाज करीत नाही.

डिझेलचे जनित्र घ्यावे काय? डिझेल एंजिन या भागातल्या शेतकऱ्याच्या घरचेच. खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ सालची, आणि विहिरींवर चाललेली असली एंजिने तुमच्या आजोबांनी पाहिली असतील. ती टिकाऊ खरी. पण डिझेल हवेच्या प्रचंड दाबाने पेट घेते, त्यामुळे ठोके कडक आणि सांगाडा जड. मोठ्या कार्यक्रमाला बंद खोक्यातले डिझेल जनित्र उत्तम. आपल्या हजार वॅटांसाठी ते म्हणजे सशाच्या शिकारीला तोफ.

आता जागा. लांब तार जोडली तर वीज वाटेतच वाया जाईल, अशी शंका पुष्कळांना येते. हिशेब करू. ९९० वॅटना २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर लागतात. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. ४५ मीटर जाणे आणि ४५ येणे मिळून ९० मीटर, म्हणजे साधारण १.१ ओहम. व्होल्टचा तोटा ४.३ गुणिले १.१, जेमतेम ५ व्होल्ट! दिव्यांना कळणारही नाही. अर्ध्या चौरस मिलिमीटरची स्वस्त तार घेतली तर मात्र तोटा पंधरा व्होल्टपर्यंत जातो, आणि ती गुंडाळीसकट जोडली तर गुंडाळी तापते. तार पूर्ण उलगडावी.

दिशाही पाहा. ज्येष्ठ-आषाढात वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून जनित्र राहुट्यांच्या पूर्वेला किंवा ईशान्येला ठेवावे, म्हणजे आवाज आणि धूर दोन्ही पलीकडे जातात. मध्ये मालमोटार आडवी उभी केली तर आणखी पाच-दहा डेसिबेल कमी होतात. उसाच्या फडाचा मात्र भरवसा धरू नका. पाने सळसळून आवाज झाकतात, पण २५ आवर्तनांची जाड धडधड काही ओळी उसाने अडत नाही. मातीचा बांध तिच्यापेक्षा चांगला.

एक गोष्ट कधीही करू नये. आवाज दाबण्यासाठी काही जण जनित्रावर ओले पोते टाकतात, किंवा पाऊस आला म्हणून ते राहुटीत ओढतात. पोत्याने एंजिनाची हवा तुटते आणि ते तापते. राहुटीत ओढणे तर प्राणावर बेतते. जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने त्याला धरून बसते. माणसाचे डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. आणि झोपलेल्याला यातले काहीच कळत नाही, तो उठतच नाही. पाऊस असेल तर चार बांबूंवर उंच ताडपत्री बांधावी, चारही बाजू उघड्या ठेवाव्यात, आणि यंत्र राहुट्यांपासून दूरच असावे. यंत्राचे भूयोजन आणि गळती प्रवाह तोडणारा स्विच जाणत्या वीजतंत्रज्ञाकडून बसवून घ्यावा. ओल्या रानात हे फार गरजेचे आहे. पेट्रोल भरायचे ते एंजिन बंद करून, थंड झाल्यावर.

इतके झाल्यावर खरा प्रश्न उरतो तो रात्री दहानंतरचा. ध्वनिक्षेपक नियमानेच बंद झाला. मोबाइल भरले. उरल्या वाटा दाखविणाऱ्या चार नळ्या, ८० वॅट. यासाठी जनित्र रात्रभर चालवायचे? दहा ते चार, सहा तासांत ८० वॅट म्हणजे ४८० वॅट-तास, अर्धे युनिटदेखील नाही. तेवढ्यासाठी साधे जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेत किमान दीड-दोन लिटर पेट्रोल पिईल. एरवी भरल्या भारावर असले यंत्र एका लिटरात दीड युनिट तरी देते. आता १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. तिच्यात १,२०० वॅट-तास साठतात. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणून ६०० धरू. इन्व्हर्टरमधला तोटा जमेस धरून आपल्याला सुमारे ५६५ लागतात. काम भागले! ही बॅटरी संध्याकाळी जनित्रावर आणि दिवसा चालत्या मालमोटारीवर पुन्हा भरते. माझे मत विचाराल, तर दिंडीने महाग जनित्राचे पैसे वाचवून साधे जनित्र, लांब जाड तार आणि एक चांगली बॅटरी घ्यावी. ज्या मंडळींना रात्रभर कमी-अधिक भार लागतो, उदाहरणार्थ आजाऱ्यांसाठी यंत्रे चालविणाऱ्या वैद्यकीय पथकाला, त्यांनी मात्र इन्व्हर्टर पद्धतीचेच घ्यावे.

करून पाहा: गावात कोठे लग्नाला किंवा यात्रेला जनित्र लागले, की शिक्षकांना बरोबर घेऊन जा. मोबाइलवर ध्वनिमापक उपयोजन मिळते. जनित्रापासून २, ४, ८, १६ आणि ३२ मीटरांवर, कमरेइतक्या उंचीवर मोबाइल धरून आकडे लिहा. मोबाइलचे आकडे नेमके नसतात, पण त्यांच्यातला फरक उपयोगी पडतो. दर टप्प्याला ६ कमी होतात का? भिंतीजवळ कमी का होत नाहीत? वाऱ्याच्या दिशेने आणि विरुद्ध दिशेने वेगळे आकडे मिळतात का? हेच माप हिवाळ्यात निरभ्र रात्री पुन्हा घ्या. तेव्हा जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. खुटबावच्या शेतात बसून रात्री आगगाडीची शिट्टी दिवसापेक्षा जवळ का वाटते, त्याचे एक कारण तुम्हाला तुमच्याच वहीत सापडेल.