नर्सिंग कॉलेजला व्हीआर विकायचंय? हेडसेट घ्यायच्या आधी हे वाचा



व्हीआरचा धंदा म्हटलं की डोळ्यांसमोर मॉलमधला गेमिंग झोन येतो. आज वेगळं गिऱ्हाईक बघू: नर्सिंग कॉलेज.

भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात स्किल लॅब आणि सिम्युलेशनला जागा आहे. सिम्युलेशन म्हणजे खऱ्या पेशंटला हात लावायच्या आधी केलेला सराव. त्यातलाच नवा प्रकार व्हीआर. हेडसेट लावला की विद्यार्थिनी थेट वॉर्डात उभी असते, समोर पेशंट, शेजारी मॉनिटर. काय करायचं ते तिनं ठरवायचं.

सुरुवात बाहुलीवाल्यांनी केली

अमेरिकेत मार्था चेस नावाची बाई घरामागच्या कारखान्यात कापडी बाहुल्या करायची. 1911 मध्ये हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेसाठी तिनं माणसाच्या उंचीची बाहुली करून दिली. कूस बदलणं, कपडे बदलणं याचा सराव मुली त्या बाहुलीवर करायला लागल्या. तिचं नावच पडलं ‘मिसेस चेस’.

नॉर्वेचे आस्मुंड लेर्डाल खेळणी बनवायचे. मऊ प्लास्टिकचं काम त्यांच्या हातात बसलेलं होतं. डॉक्टरांना तोंडानं श्वास देण्याचं प्रशिक्षण द्यायला पुतळा हवा होता. 1960 मध्ये लेर्डालनी ‘रेसुसी अ‍ॅन’ बाजारात आणली. आज त्यांची कंपनी जगभर वैद्यकीय प्रशिक्षणाची साधनं विकते.

दोघांकडे वैद्यकीय डिग्री नव्हती. शिकवणाऱ्याची अडचण त्यांनी नीट ऐकली आणि हातात असलेलं कसब तिथं वापरलं. आपला धडा हाच.

कॉलेजची अडचण काय?

बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नाही. इंजेक्शन दिलं आणि पेशंटचा श्वास अडकायला लागला. असे प्रसंग पोस्टिंगचं वेळापत्रक बघून येत नाहीत. आले तर सीनियर पुढं होतात, विद्यार्थिनी मागं सरकते. ते बरोबरच आहे, तिथं जीव पणाला असतो. पण मग ती शिकणार कधी? पुढं रात्रपाळीला ती एकटी असेल तेव्हा?

इथं व्हीआर कामाला येतं. तोच प्रसंग दहा वेळा करता येतो, चूक झाली तरी कुणाला इजा होत नाही.

पण मर्यादाही सांगा. शीर बोटाला कशी लागते, हे साधा हेडसेट शिकवत नाही. त्यासाठी सरावाचा प्लास्टिकचा हात आणि नंतर खरा पेशंटच लागतो. काहींना चक्करही येते.

अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेनं 2014 मध्ये 10 नर्सिंग संस्थांमधला अभ्यास प्रसिद्ध केला. पेशंटजवळच्या प्रशिक्षणाचे निम्म्यापर्यंत तास चांगल्या सिम्युलेशनला दिले, तरी विद्यार्थी मागं पडले नाहीत. पण तिथले शिक्षक त्यासाठी तयार केलेले होते आणि अभ्यास हेडसेटपुरता नव्हता. त्यामुळं “आमचं मशीन घ्या, पोस्टिंग कमी करा” असं चुकूनही बोलू नका. ते खोटं ठरेल आणि गिऱ्हाईकही जाईल.

हिशेब मांडा

वर्गात 60 विद्यार्थी, तुमच्याकडे 6 हेडसेट. एका गटाला तयारी 5 मिनिटं, प्रसंग 15 मिनिटं, नंतर मॅडमसोबत चर्चा 25 मिनिटं. झाली 45 मिनिटं. असे 10 गट म्हणजे साडेसात तास. चार्जिंग आणि पुसणं वेगळंच. वेळ वाचवायला चर्चा कापाल, तर खरं शिक्षणच कापलं जाईल. “मी काय केलं, का केलं” हे मुलगी तिथंच समजून घेते.

म्हणून दर हेडसेटवर लावू नका, पूर्ण दिवसाच्या सत्रावर लावा.

आपल्याला जागा कुठं?

1. मराठीतले प्रसंग. आपल्याकडचा पेशंट “छातीत धडधडतंय, जीव घाबरा झालाय” असं सांगतो. सोबत चार नातेवाईक असतात. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये हे सापडणं अवघड. प्रसंग नर्सिंगच्या शिक्षिकेनं लिहायचा, शूटिंग आणि आवाज तुमचा. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरातच स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला, आपल्याला 360 अंशांचं शूटिंग जड जाऊ नये.

2. भाड्यानं सेवा. लहान कॉलेजला लॅब परवडत नाही. तुम्ही हेडसेट घेऊन जा, चालवून द्या, प्रत्येक वापरानंतर स्वच्छ करा. आतलं फोम बदलता येणारं ठेवा. दवाखान्याशी संबंधित गिऱ्हाईक आधी स्वच्छताच बघणार.

3. देखभाल. सॉफ्टवेअर अपडेट, बिघाड, नव्या शिक्षकांना तयार करणं. वर्षाचा करार करा, पैसा नियमित येतो.

एक नियम पाळा: वैद्यकीय मजकूर तज्ज्ञ शिक्षकाच्या लेखी मंजुरीशिवाय वापरायचा नाही. चुकीचा डोस शिकवला गेला तर त्याची किंमत पुढं एखादा पेशंट मोजेल.

या आठवड्याचं काम

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, जिथं असाल तिथल्या नर्सिंग कॉलेजात वेळ मागून जा. काही विकू नका. शिकवणाऱ्या मॅडमना एकच प्रश्न विचारा: “वर्गात शिकवता येत नाही आणि वॉर्डात वेळेवर सापडत नाही, असा कुठला प्रसंग आहे?” तीन कॉलेजांतून एकच उत्तर आलं, तर तुमचा पहिला प्रॉडक्ट सापडला. हेडसेट त्यानंतर.

उत्तरं कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यावर बोलू.