जिजामाता एक्सप्रेसच्या खिडकीतून न दिसलेलं पिंपरी-चिंचवड

गोष्टीचा आशय काय, असं अकरावीच्या मुलांना विचारलं की उत्तर गाइडच्या भाषेत येतं. म्हणून चिंचवडच्या आमच्या वाचनवर्गात हा प्रश्न मी शेवटी ठेवतो. आधी गोष्ट सलग वाचायची. मग पेन्सिल घेऊन डोळ्यांना दिसतील अशाच वस्तूंखाली रेघा मारायच्या.

यंदा डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घेतली. एनसीईआरटीच्या ‘हॉर्नबिल’मध्ये ती ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने इंग्रजीत आहे. तीच मुलांच्या हातात होती. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा भारतात जाऊन पोचतात, जिथे 14 जानेवारी 1761 ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. पुण्याहून मुंबईला ते जिजामाता एक्सप्रेसने निघतात. गाडी डेक्कन क्वीनला मागे टाकेल अशी पळते, पुण्याबाहेर औद्योगिक वसाहती लागत नाहीत, पहिला थांबा थेट लोणावळा.

मुलांनी गाडीच्या नावाखाली रेघ मारली आणि वसाहतींचं वाक्य सोडून दिलं. तिथे दिसण्यासारखं काही नव्हतंच. मी ते पुन्हा वाचायला लावलं. कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही लोकलची स्टेशनं त्यांना तोंडपाठ आहेत. “म्हणजे आपण नाहीच?” एकीने विचारलं. “आणि चाकणची एमआयडीसी?” तिचे वडील तिथे फर्स्ट शिफ्टला जातात.

मग आम्ही फळ्यावर साखळी मांडली. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 ची, स्वतंत्र भारताच्या सरकारने उभारलेली. एमआयडीसी 1962 ची. पिंपरी-चिंचवड महापालिका 1982 ची. 1761 नंतरची वर्षं वेगळी गेली, तर यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. नारळीकर हे समजावत बसत नाहीत. जे असायला हवं ते नाही, एवढंच दाखवतात. अभावाचं हे तंत्र वाचकाच्या थेट घरापर्यंत पोचतं.

दुसरं तंत्र विरोधाचं. एका बखरीत पानिपतावर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना गोळी लागते. पंत ज्या भारतात पोचले तिथल्या दुसरीत ती कानाजवळून निघून जाते. अंतर तिळाएवढं, आणि पुढचा सगळा इतिहास त्या तिळावर तोललेला.

तिसरं तंत्र पुराव्याचं. गंगाधरपंतांच्या खिशात त्या दुसऱ्या बखरीचं फाटलेलं पान उरतं. मुलांना मी ते पान गोष्टीतून काढून टाकायला सांगितलं. “मग ते स्वप्नच ठरेल,” मागच्या बाकावरून उत्तर आलं. अगदी बरोबर. पान आहे म्हणूनच पंतांची हकीकत ऐकणारा त्यांचा मित्र राजेंद्र देशपांडे त्यांचं म्हणणं भ्रम म्हणून उडवून लावू शकत नाही. त्याचं शास्त्रीय स्पष्टीकरण त्यानंतर येतं, आणि तोवर वाचक ते ऐकायला तयार झालेला असतो.

इतक्या वाचनानंतर मी आशय विचारला, तेव्हा गाइड कुणी उघडलं नाही. घडलेला इतिहास हा अनेक शक्यतांपैकी एक, हे मुलांनी आपापल्या शब्दांत लिहिलं. कुणी गोळीवरून, कुणी पानावरून, तर बऱ्याच जणांनी आकुर्डीवरून.

विज्ञानकथा शिकवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: आशय आधी सांगून टाकू नका. गोष्टीतली एक वस्तू मुलांना काढून बघू द्या. काय कोसळतं ते पाहून आशय त्यांचा त्यांना सापडतो.